दिसला, असावा, आहे : वन्यप्राणिगणनेच्या नोंदीची भाषिक चिकित्सा

१

वन्यप्राण्यांची गणना हा विषय प्रथमदर्शनी प्राणिशास्त्राचा आणि वनव्यवस्थापनाचा होय. भाषेच्या अभ्यासकाने त्यात हात घालावा असे त्यात काय आहे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु गणनेच्या अखेरीस लोकांच्या हाती जे पडते तो प्राणी नसतो. ते एक विधान असते. ‘या वनात पस्तीस बिबटे आहेत’, ‘या खाडीत लाखावर रोहित पक्षी आहेत’ ही मराठी वाक्ये आहेत. त्यांना कर्ता आहे, क्रियापद आहे, काळ आहे, आणि पुष्कळदा त्यांतून काहीतरी गाळलेलेही आहे. जे गाळले गेले ते कोणते, ते कोणत्या टप्प्यावर गाळले गेले आणि त्यामुळे कोणता अनर्थ संभवतो, याची चिकित्सा भाषाभ्यासाच्या कक्षेत निश्चितपणे येते. प्रस्तुत लेखात तीच करावयाची आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी ठाणे शहरातील बाळकुम हे स्थळ मध्यबिंदू मानता येईल. कल्याण-डोंबिवलीकडून येणारी उल्हास नदी ठाण्याजवळ आली की तिचा मुख्य प्रवाह घोडबंदरच्या दिशेने वळतो आणि एक अरुंद फाटा दक्षिणेस ठाणे खाडीला जाऊन मिळतो. या वळणाच्या परिसरात, भिवंडीकडे जाणाऱ्या काशेळी पुलाच्या अलीकडे, बाळकुम हे जुने गाव वसले आहे. त्याच्या पश्चिमेस येऊरचे डोंगर, म्हणजे सुमारे १०४ चौरस किलोमीटर विस्ताराच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडील बाजू. दक्षिणेस खाडीने खाली गेले असता ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंत ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य लागते. हे अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १६९० हेक्टर असून २०२२ साली ठाणे खाडीचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. बाळकुम या दोन्ही संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर आहे. तेथील रहिवाशाला डोंगरातील बिबट्यांचा आकडा आणि खाडीतील पक्ष्यांचा आकडा हे दोन्ही वृत्तपत्रांतून कळतात. ते कोणत्या भाषिक रूपात त्याच्यापर्यंत पोचतात, हा या चिकित्सेचा प्रारंभबिंदू होय.

२

वैशाखातील पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करण्याची प्रथा महाराष्ट्रातील अनेक वनांत आहे. येऊरच्या वनातही ती पाळली जाते. उन्हाळ्यात पाणी थोड्याच ठिकाणी उरते, प्राण्यांना तेथे यावेच लागते आणि चांदण्यात ते दिसतात, असे तिच्यामागील तर्कशास्त्र आहे. अशा मचाणावरील निरीक्षकाचे मूळ विधान साधारणतः पुढीलप्रमाणे असते : ‘रात्री दीडच्या सुमारास मला या पाणवठ्यावर एक बिबट्या दिसला.’

‘दिसणे’ या क्रियापदाची मराठीतील रचना येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ‘पाहणे’ या क्रियेत पाहणारा हा कर्ता असतो. ‘दिसणे’ या क्रियेत जे दिसते ते कर्तास्थानी येते आणि ज्याला दिसते तो चतुर्थीत जातो. या रचनेत चतुर्थ्यन्त पद गाळले तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या अपुरे वाटत नाही. ‘मला बिबट्या दिसला’ याचे ‘बिबट्या दिसला’ होते आणि कोणाच्याही कानाला काही खटकत नाही. नोंदीतील पहिली गळती ती हीच. पाहणारा कोण, तो किती अंतरावर होता, किती तास जागा होता, आकाश निरभ्र होते की ढगाळ, या सर्व गोष्टी त्या एका ‘मला’ या पदाला लटकलेल्या असतात. ते पद गळाले की त्याही गळतात.

दुसऱ्या टप्प्यावर ‘दिसला’ याचे ‘आढळला’ होते. कार्यालयीन तक्त्याची ही आवडती क्रिया. ‘दिसला’ यात निदान डोळ्यांची आठवण शिल्लक असते. ‘आढळला’ यात प्रत्यक्ष दर्शन, पाऊलखूण, विष्ठा, झाडावरचा ओरखडा आणि दुरून आलेला आवाज ही सर्व प्रमाणे एकाच पातळीवर येतात. त्यातून भूतकाळ सुटून वर्तमानकाळ आला, म्हणजे ‘येथे बिबट्या आढळतो’ असे झाले, की एका रात्रीची घटना त्या स्थळाचा स्थायी धर्म बनते. तिसऱ्या टप्प्यावर वृत्तपत्राच्या मथळ्यात ‘आहे’ अवतरते. ‘येऊरमध्ये इतके बिबटे आहेत.’ ‘मला दिसला’ पासून ‘आहे’ पर्यंतच्या या प्रवासात कोणीही असत्य सांगितलेले नसते. तरीही शेवटचे विधान पहिल्या विधानातून निष्पन्न होत नाही.

वास्तविक मराठी भाषेजवळ या पायऱ्या वेगवेगळ्या दाखविण्याची उत्तम साधने आहेत. चिखलात उमटलेला पंजा पाहून खेड्यातील मनुष्य ‘येथे बिबट्या आहे’ असे म्हणत नाही. ‘येथून बिबट्या गेला असावा’ असे म्हणतो. विध्यर्थाच्या या रूपाने तो आपल्या ज्ञानाचा आधार प्रत्यक्ष नसून तर्क आहे हे एका शब्दात कबूल करतो. तक्त्याच्या रकान्याला मात्र ‘असावा’ लिहून घेता येत नाही. त्याला एक हवा असतो किंवा शून्य हवे असते.

संख्यावाचनाचीही हीच गोष्ट. ‘दोन-तीन’, ‘दहा-बारा’, ‘पंधरा-वीस’, ‘चाळीस-पन्नास’, ‘शे-दीडशे’ ही जोडरूपे अज्ञानाची किंवा आळसाची चिन्हे समजली जातात. परंतु त्यांची घडण तपासली असता एक नियम दिसतो : लहान संख्येत दोन अवयवांतील अंतर एकाचे, दहाच्या पुढे दोनाचे वा पाचाचे, पुढे दहाचे आणि शंभराच्या पुढे पन्नासाचे. मोजावयाची वस्तू जितकी अधिक तितकी मोजण्यातील चूकही अधिक, हे तत्त्व भाषेने या रूपांत साठवून ठेवले आहे. थवा पाहून ‘शे-दीडशे पक्षी’ असे म्हणणारा निरीक्षक खालची मर्यादा आणि वरची मर्यादा अशा दोन्ही गोष्टी सांगत असतो. नोंद करणारा त्यांतील एकच संख्या उचलतो. कोणती उचलली, हे पुढे कोणालाही कळत नाही.

‘सुमार’ या शब्दाचा इतिहास या संदर्भात बोधप्रद आहे. फारसीत ‘शुमार’ म्हणजे मोजणी. मनुष्यगणनेला मराठीत दीर्घकाळ ‘खानेसुमारी’ म्हणत, म्हणजे शब्दशः घरांची मोजणी. आणि जे मोजता येत नाही ते ‘बेसुमार’. परंतु त्याच शब्दापासून बनलेल्या ‘सुमारे’ या अव्ययाचा मराठीतील अर्थ ‘अदमासे’ असा झाला. मोजणीचा शब्द अंदाजाचा शब्द बनला. मोठ्या समूहाची प्रत्येक मोजणी अखेर अंदाजच असते, हा व्यवहारातला अनुभव या अर्थांतरामागे असावा. गणनेच्या अहवालांत मात्र नेमके ‘सुमारे’ हेच पद सर्वांत आधी गळते.

३

या गळतीचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो हे वाघांच्या गणनेच्या इतिहासावरून दिसून येते. पाऊलखुणांवरून वाघ मोजण्याची पद्धत ओडिशातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास प्रचारात आणली. तिच्या आधारे १९७२ साली देशभर गणना झाली आणि १८२७ हा आकडा निघाला. पुढील वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. या पद्धतीचे ऐतिहासिक महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तिच्यामुळेच संरक्षणाच्या कार्याला आधार मिळाला. परंतु तिचे प्रत्येक निरीक्षण ‘वाघ गेला असावा’ या जातीचे होते, आणि हा ठसा त्याच वाघाचा की दुसऱ्याचा, हा निर्णय ठसा घेणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून होता. अहवालात मात्र ‘आहेत’ असे छापले जाई. राजस्थानातील सरिस्का येथे २००४ सालापर्यंत सरकारी कागदांवर सोळा ते अठरा वाघ नांदत होते. २००५ च्या आरंभी तेथे एकही वाघ उरलेला नाही असे निष्पन्न झाले. कागदावरचे ‘आहेत’ इतके भक्कम होते की वनातील ‘नाहीत’ दिसावयास वेळ लागला. शिकारी लोक आपले काम उरकून गेले होते. चुकीच्या क्रियापदाची किंमत त्या वाघांनी दिली.

त्यानंतर पद्धत बदलली. स्वयंचलित छायाचित्रणाच्या यंत्रांनी, म्हणजे कॅमेरा ट्रॅपने, प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे टिपून तो ओळखावयाचा, आणि जे टिपले गेले नाहीत त्यांचा संख्याशास्त्राने अंदाज करावयाचा, अशी नवी रीत २००६ च्या पाहणीपासून रूढ झाली. तिने १४११ हा आकडा दिला. २००१-०२ च्या पाऊलखुणांच्या गणनेतील आकडा ३६४२ होता. तेव्हा चार-पाच वर्षांत देशातील निम्म्याहून अधिक वाघ नाहीसे झाले, अशी वजाबाकी सर्वत्र करण्यात आली. ऱ्हास झाला होता यात संशय नाही. परंतु तो नेमका तेवढाच होता हे या वजाबाकीवरून सिद्ध होत नाही. ‘असावेत’ या विधानातून ‘ओळखले गेले, आणि त्यावरून इतके अनुमानिले’ हे विधान वजा करता येत नाही. दोन्ही संख्या खऱ्या अंकांत लिहिलेल्या असल्या तरी त्यांची वाक्ये निरनिराळ्या व्याकरणाची आहेत.

अलीकडचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. २०२२ च्या पाहणीचा आकडा म्हणून एप्रिल २०२३ मध्ये ३१६७ ही संख्या जाहीर झाली. ती किमान संख्या होती. जुलै २०२३ मध्ये सविस्तर अंदाज प्रसिद्ध झाला तेव्हा सरासरी ३६८२ आणि वरची मर्यादा ३९२५ असल्याचे सांगण्यात आले. तीन महिन्यांत वाघ वाढले नव्हते. ‘किमान’ हे एक विशेषण बहुतेक मथळ्यांत टिकले नाही एवढाच या दोन आकड्यांतील गोंधळाचा उगम होय. शिवाय २००२ चा ३६४२ आणि २०२२ चा ३६८२ हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणी ‘वीस वर्षांत चाळीस वाघ वाढले’ असे म्हटल्यास अंकगणित बरोबर आणि अर्थ सर्वस्वी चुकीचा, असा प्रकार होईल. मूळ इंग्रजी अहवाल स्वतःस अंदाज म्हणवितो. मराठी वृत्तांत त्यास ‘व्याघ्रगणना’ म्हणतात. भाषांतराच्या या एका पावलात अंदाजाची शिरगणती होऊन जाते.

४

आता पुन्हा येऊर आणि खाडी यांकडे वळू. २०१५ साली संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याचा परिसर येथे कॅमेरा ट्रॅपच्या साह्याने झालेल्या अभ्यासात ३५ बिबटे नोंदले गेले. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे ही ओळख शक्य होते. उलट, पौर्णिमेच्या एका रात्री मचाणावरून दिसणारे बिबटे बोटांवर मोजण्याइतके असतात. वाचकाला या दोन संख्यांत विरोध वाटतो आणि तो दोहोंवरील विश्वास गमावतो. वस्तुतः त्यांत विरोध नाही. एक संख्या ‘इतके वेगळे ओळखले’ असे सांगते, दुसरी ‘एका रात्री इतके दिसले’ असे सांगते. दोन्ही विधाने पूर्ण स्वरूपात पोचली असती तर शंकाच उद्भवली नसती.

या बाबतीत वनविभागाने केलेला एक बदल अभिनंदनीय आहे. विदर्भातील मेळघाट, ताडोबा आदी व्याघ्र प्रकल्पांत पौर्णिमेच्या या उपक्रमाला आता ‘निसर्गानुभव’ असे नाव देण्यात आले आहे. ‘गणना’ हा शब्द सोडला आणि ‘अनुभव’ हा शब्द स्वीकारला, यात मूळचे ‘मला’ परत आले. वैज्ञानिक गणना म्हणून जे सिद्ध होत नाही ते नागरिकांचा अनुभव म्हणून मौल्यवान असू शकते, हा विवेक या नामांतरात आहे. तथापि वृत्तांतलेखनात हा विवेक अजून रुजलेला नाही. ‘निसर्गानुभवात इतके प्राणी, गेल्या वर्षीपेक्षा इतकी घट’ अशी वाक्ये अद्याप लिहिली जातात. ढगाळ रात्र आणि घटलेली संख्या यांतील भेद अशा वाक्यांत मावत नाही.

खाडीतील रोहित पक्ष्यांची अडचण निराळी आहे. २०१९ च्या आरंभी झालेल्या मोजणीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सुमारे एक लाख वीस हजार पक्षी असल्याचे सांगितले. इतक्या पक्ष्यांची एकेक करून मोजणी संभवत नाही. थव्याचा एक भाग मोजावयाचा आणि त्या मापाने उरलेला थवा जोखावयाचा, हीच रीत सर्वत्र असते. त्यात ओहोटीला हे पक्षी खाडीतील चिखलाच्या पट्ट्यांवर अन्न टिपतात आणि भरतीला पाणी चढले की विश्रांतीसाठी नवी मुंबईतील पाणथळींकडे जातात. म्हणून भरती-ओहोटीची वेळ नोंदीत नसेल तर तोच पक्षी दोनदा मोजला जाण्याचा किंवा मुळीच न मोजला जाण्याचा संभव राहतो. खाडीकाठच्या कोळ्याला हे सांगावे लागत नाही; त्याच्या बोलण्यात तिथी आल्याशिवाय आणि पाणी उधाणाचे की भांगाचे हे आल्याशिवाय मासळीची गोष्ट पुरी होत नाही. गणनेच्या तक्त्यात दिनांक असतो, भांग-उधाण असतेच असे नाही.

जिवंत पक्ष्यांचा असा सुमार करावा लागत असता मेलेल्या पक्ष्यांची मात्र शिरगणती होते. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ एका विमानाची थव्याला धडक बसली. शोध पुरा झाला तेव्हा मृत रोहितांची संख्या ३९ निघाली. ही संख्या निःसंदिग्ध आहे, कारण कलेवरे उडून जात नाहीत. ब्रिटिश अमदानीत हिंस्र श्वापदे मारणाऱ्यांना बक्षिसे दिली जात, तेव्हाच्या सरकारी कागदांतील वाघ-बिबट्यांचे आकडेही मारलेल्यांचेच असत. निश्चित संख्येचा आग्रह धरणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे की प्राण्यांच्या बाबतीत पूर्ण निश्चितता बहुधा मृत्यूनंतरच येते. जिवंतांविषयी प्रामाणिक बोलणे हे मर्यादांच्या भाषेतच शक्य आहे.

५

क्रियापद आणि संख्या यांच्यानंतर नामाचा विचार क्रमप्राप्त आहे. नोंद स्थानिक मनुष्य तोंडी सांगतो मराठीत, ती लिहिली जाते अनेकदा इंग्रजीत, आणि प्रसिद्ध होते पुन्हा मराठीत. या दुहेरी प्रवासात नामे बदलतात.

‘वाघ’ हा शब्द घ्यावा. ठाणे जिल्ह्यातील व कोकणातील बोलीत ‘वाघ’ या शब्दात बिबट्याचाही समावेश होतो. पट्टेवाल्या वाघाचा निर्देश करावयाचा झाल्यास ‘पट्टेरी’ किंवा ‘ढाण्या’ असे विशेषण जोडतात. वारली आदी आदिवासींच्या वाघोबाच्या रूपातही हे दोन्ही प्राणी सामावतात. येऊरच्या पाड्यावरील कोणी ‘रात्री वाघ आला होता’ असे म्हटले तर ते अज्ञान नसून त्याच्या बोलीतील अचूक विधान आहे. प्रमाणभाषेच्या चष्म्यातून ते असंभाव्य ठरवून नोंदीतून वगळले तर खरे दर्शन वाया जाते.

‘कोल्हा’ या शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. ठाणे खाडीच्या तिवरांत आढळणारा प्राणी म्हणजे सोनेरी कोल्हा. त्याचे इंग्रजी नाव ‘जॅकल’. परंतु शाळेच्या पुस्तकांनी ‘फॉक्स’ या इंग्रजी शब्दाला ‘कोल्हा’ हाच प्रतिशब्द घरोघर पोचविला आहे, वस्तुतः त्या प्राण्याला मराठीत ‘खोकड’ असे स्वतंत्र नाव असताना. परिणामी मराठी नोंद इंग्रजीत जाताना प्राण्याची जातच बदलण्याचा धोका आहे. ‘वाघाटी’ हे नावही कोणी एका रानमांजराला देतो, कोणी दुसऱ्याला. ‘फ्लेमिंगो’ या एका शब्दात लहान रोहित आणि मोठा रोहित या दोन जाती झाकल्या जातात. वनस्पतींच्या बाबतीतही तोच प्रकार. शासकीय परिभाषेत खाडीकाठच्या या सर्व वनाला ‘कांदळवन’ म्हणतात; ठाणे खाडीत मात्र प्राबल्य तिवरांचे आहे, कांदळांचे नव्हे, आणि काठावरचे लोक त्याला तिवरच म्हणतात.

याचा अर्थ बोलीतील नावे टाकून केवळ शास्त्रीय लॅटिन नावे वापरावीत असा नव्हे. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोशा’त पक्ष्यांची निरनिराळी नावे कष्टपूर्वक एकत्र केली, त्यामागे या नावांतच निरीक्षणाचे ज्ञान साठलेले असते ही जाणीव होती. उपाय असा की नोंदीत सांगणाऱ्याने उच्चारलेले नाव जसेच्या तसे ठेवावे, त्यापुढे नोंद करणाऱ्याने ठरविलेली जात लिहावी, आणि दोन्ही वेगळी राखावीत. बोलीच्या अभ्यासात निवेदकाचा उच्चार आणि अभ्यासकाचे विश्लेषण वेगळ्या ओळींत लिहिण्याची शिस्त जुनी आहे. तीच येथेही लागू पडते.

६

भाषाभ्यासकांना या प्रश्नाचे गांभीर्य त्यांच्या स्वतःच्या क्षेत्रातील एका उदाहरणाने पटेल. १९६१ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांच्या नावांची यादी १६५२ इतकी झाली. त्या सर्व स्वतंत्र भाषा नव्हत्या. ती लोकांनी सांगितलेली नावे होती. पुढे १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा प्रसिद्ध तक्त्यांत वेगळ्या दाखविणे बंद झाले आणि यादी शंभराच्या जवळपास आली. दोन्ही आकडे आपापल्या वाक्यात बरोबर होते. पहिल्याचे वाक्य ‘इतकी नावे सांगितली गेली’ असे होते, दुसऱ्याचे ‘इतक्या भाषा ठरावीक मर्यादेच्या वर आहेत’ असे होते. व्यवहारात मात्र ‘यादीत नाही’ याचा अर्थ ‘अस्तित्वात नाही’ असा घेतला गेला, आणि लहान भाषांच्या शिक्षणाची, ग्रंथांची, संग्रहाची चिंता करण्याचे कारण यादीपुरते संपले.

वन्यप्राण्यांच्या नोंदीत ‘दिसला नाही’ आणि ‘नाही’ यांतील अंतर याच जातीचे आहे. मराठीत ‘न दिसणे’ आणि ‘नसणे’ ही भिन्न क्रियापदे आहेत. शून्य हा अंक दोहोंसाठी एकच आहे. बाळकुमच्या काठावरील चिखलाचा पट्टा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. तेथे कोणी मोजावयास गेले नाही म्हणून रकाना रिकामा राहिला, असे समजू. काही वर्षांनी तेथे भराव घालावयाचा किंवा पूल बांधावयाचा प्रश्न निघाला तर तो रिकामा रकाना ‘या ठिकाणी पक्षी नाहीत’ असा वाचला जाण्याची भीती आहे. रिकामा रकाना आणि शून्य यांत भेद करण्याची सोय नोंदीत नसणे ही म्हणूनच केवळ तांत्रिक उणीव ठरत नाही. तीवर एखाद्या पाणथळीचे भवितव्य अवलंबून राहू शकते. बिबट्याही हद्द जाणत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक बिबट्या ठाणे शहरातील मॉलमध्ये शिरला होता. उद्यानाच्या सीमेवर थांबणारी गणना अशा प्राण्याचे अर्धेच चरित्र लिहिते.

७

यावर असा आक्षेप संभवतो की सामान्य वाचकाला एक आकडा हवा असतो; अटी आणि मर्यादा यांनी भरलेले वाक्य तो वाचणार नाही. आक्षेप निराधार नाही. परंतु वर दाखविल्याप्रमाणे ‘किमान’, ‘सुमारे’, ‘असावेत’, ‘दिसले’ यांसारख्या एकेका शब्दाने पुष्कळ काम भागते. मथळ्यात एका शब्दाची जागा नसते असे कोणी म्हणू शकणार नाही. लांबलचक टिपांची जरुरी वाचकाला नसून संग्रहाला आहे, आणि संग्रहात जागेची उणीव नसते.

संग्रहाच्या बाबतीत जुन्या निसर्ग-अभ्यासकांची रीत आठवण्याजोगी आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, १८८६ पासून निघणाऱ्या नियतकालिकातील लहानशा टिपणांत निरीक्षकाचे नाव, स्थळ आणि दिवस यांसह विधान पूर्ण रूपात येई. ‘मला’ तेथे टिकून होते. तक्त्यांच्या युगात ते हरवले. आश्चर्य असे की अत्याधुनिक साधनांनी ते पुन्हा मिळविले आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेने २००२ साली सुरू केलेल्या ‘ईबर्ड’ या संगणकीय नोंदवहीत पक्षी किती दिसले याबरोबरच किती वेळ पाहिले, किती अंतर चालून पाहिले आणि ओळखलेल्या सर्व पक्ष्यांची यादी दिली आहे काय, हे विचारले जाते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे असेल तरच न नोंदलेल्या पक्ष्याविषयी ‘पाहिले, पण दिसला नाही’ असे म्हणता येते. पक्षी होता पण मोजला नाही, यासाठीही तेथे अंकाऐवजी वेगळी खूण आहे. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेचेही बळ त्याच स्थळी, त्याच ऋतूत, वर्षानुवर्षे केलेल्या पुनरावृत्तीत आहे. एका वर्षाच्या आकड्यात नाही.

मग माहिती किती खुली करावी, हा प्रश्न उरतो. सार्वजनिक पैशातून जमविलेली, संवेदनशील नसलेली माहिती लोकांना उपलब्ध असावी, असे केंद्र शासनाचे २०१२ चे माहिती-सहभागाविषयीचे धोरण सांगते. उलट, बिबट्याच्या पिल्लांची गुहा किंवा घुबडाचे घरटे यांचा ठावठिकाणा उघड करणे म्हणजे शिकाऱ्याला आणि उतावळ्या छायाचित्रकाराला पत्ता देणे होय. ही अडचण खरी आहे, आणि तिच्या नावाखाली सर्वच माहिती कुलपात ठेवण्याची वृत्तीही खरी आहे. या दोहोंतून वाट काढताना विधानाचे कोणते अंग झाकावे हे नेमके ठरविले पाहिजे. स्थळ धूसर करता येते. ‘अमुक पाणवठा’ याऐवजी ‘येऊर परिक्षेत्र’ एवढे सांगता येते. परंतु पाहणीची पद्धत, तिचा कालावधी, निरीक्षकांची संख्या आणि संख्येच्या दोन मर्यादा झाकण्याने कोणत्याही प्राण्याचे रक्षण होत नाही. रक्षण होते ते केवळ चुकीच्या आकड्याचे. सरिस्काचे मूळ कागद बाहेरच्या अभ्यासकांच्या नजरेखालून वेळीच गेले असते तर शंका उपस्थित करणारा कोणीतरी निघाला असता, असे मानण्यास जागा आहे.

तात्पर्य, वन्यप्राणिगणनेचा दोष मोजणाऱ्यांच्या श्रमांत नाही. रात्र जागून काढणारा वनरक्षक आणि चिखलात उभा राहून थवा जोखणारा अभ्यासक यांचे मूळ विधान बहुधा निर्दोष असते. दोष त्या विधानाच्या वाहतुकीत आहे, आणि तो भाषिक स्वरूपाचा असल्यामुळे त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी काही अंशी भाषाभ्यासकांवरही येते. मराठीत नोंदीचे नमुने तयार करणे, बोलीतील प्राणिनामांचे स्थलनिर्देशासह कोश सिद्ध करणे, ‘दिसला’, ‘असावा’ आणि ‘आहे’ यांना तक्त्यात वेगळे रकाने मिळवून देणे ही कामे पदव्युत्तर अभ्यासकांनी हाती घेण्यासारखी आहेत. बाळकुमसारख्या हद्दीबाहेरच्या गावापासून त्यांचा आरंभ करता येईल. तेथील खाडीकाठच्या वृद्धांकडून पक्ष्यांची आणि पाण्याची नावे टिपून घेण्यास विलंब होता कामा नये, कारण जिवंत बोलीही रोहितांच्या थव्याप्रमाणेच असते : तिची पूर्ण शिरगणती ती गेल्यावरच होते.